हाकेला ओ : शहराच्या बिनतारी यंत्रणेचे नूतनीकरण



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्या बिनतारी यंत्रणेवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना अनधिकार वाटेल. विजेचे आणि चुंबकत्वाचे माझे ज्ञान शालेय पातळीपलीकडचे नाही, हे प्रथमच मान्य करतो. परंतु या यंत्रणेतून जे वाहते ते वाक्य असते, आणि वाक्य एकाच्या मुखातून निघून दुसऱ्याच्या कानी अर्थासह पोहोचते की नाही, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परका नाही. आपण ज्याला दळणवळण म्हणतो तो शब्द मुळात यंत्रांचा नव्हेच. जुन्या मराठीत दोन घरांचे दळणवळण म्हणजे त्यांचा परस्पर घरोबा, येणेजाणे. एकतर्फी दळणवळण असू शकत नाही. हाक आहे आणि ओ नाही, तर तेथे दळणवळण नाही, मग यंत्र कितीही मोलाचे असो.

हा विषय निवडण्याचे कारण असे की, आपल्या देशातील अनेक शहरांतून जुन्या बिनतारी संचांच्या जागी नवे संच आणण्याची कामे झाली, चालू आहेत, अथवा रखडली आहेत. वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते ती निविदेची आणि कोटींच्या आकड्यांची. यंत्रणा बदलणे म्हणजे नेमके काय बदलणे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

प्रथम जुन्या यंत्रणेचे स्वरूप पाहू. पोलिसाच्या खांद्यावरचा वॉकी-टॉकी हा प्रक्षेपक आणि ग्राहक दोन्ही असतो, पण एका वेळी एकच. कळ दाबली की बोलता येते, ऐकू येत नाही. कळ सोडली की ऐकू येते, बोलता येत नाही. वाक्याअखेरीस ‘ओव्हर’ म्हणण्याची रीत यातूनच आली : माझे संपले, आता आपली पाळी. दोघांनी एकाच वेळी कळ दाबली तर बहुधा दोघांचेही बोलणे वाया जाते. (आपल्या सभासंमेलनांतही अशी कळ असती तर फार बरे झाले असते.) पोलिसांच्या संचांसाठी सामान्यतः दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे वापरले जातात. त्यांची तरंगलांबी सुमारे दोन मीटर. हे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालण्यात ते फारसे तरबेज नसतात. म्हणून उंच जागी एक पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, बसवितात. तो एका वारंवारतेवर क्षीण आवाज ऐकतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर तोच जोरकसपणे पुन्हा उच्चारतो. जुन्या काळी दूरच्या गावापर्यंत निरोप पोहोचविण्यासाठी टेकडीवर माणूस उभा करीत, तसाच हा यांत्रिक निरोप्या.

आता आपले शहर डोळ्यांपुढे आणा. भोवतालच्या सपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंच असा किल्ल्याचा लांबट डोंगर मध्ये आडवा पडला आहे. दक्षिणेस दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर, डोंगराच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, उत्तरेस हजिरा, पूर्वेस मुरार. संरक्षणासाठी राजांना जो डोंगर लाभदायक ठरला, तोच बिनतारी तरंगांच्या वाटेतील भिंत आहे. एका अंगाच्या माणसाने हातातील संचावरून मारलेली हाक दुसऱ्या अंगाला थेट पोहोचेलच असे नाही. त्यात दौलतगंज-दालबाजाराच्या दाट वस्तीतील बोळ, जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती आणि नव्या इमारतींची तळघरे यांची भर घाला. शहराचा साधा नकाशा आणि त्याचा ‘श्रवणाचा नकाशा’ हे दोन भिन्न नकाशे आहेत. दुसरा नकाशा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तो पायी हिंडूनच काढावा लागतो.

येथे एक स्वाभाविक शंका येते. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग या खरखरणाऱ्या पेटीचे काय प्रयोजन? उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, मोबाइलवर एक माणूस एकाशी बोलतो, बिनतारीवर एक बोलतो आणि त्या वाहिनीवरील सर्व ऐकतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयानजीक हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या वाहनात मारले गेले, त्याच वाहनाच्या मागील भागात अरुण जाधव हे पोलीस शिपाई घायाळ होऊन सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकले होते. हल्लेखोरांनी ते वाहन पळविले, काही अंतरावर सोडून दिले, आणि तेव्हा जाधवांनी वाहनातील वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला काय घडले ते कळविले. त्यांना कोणाचा क्रमांक लावावा लागला नाही. पुढे हल्लेखोरांनी पळविलेल्या स्कोडा मोटारीचे वर्णन बिनतारीवरूनच नाकाबंदीवरील पोलिसांना मिळाले, आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी प्राणाचे मोल देऊन एकाला जिवंत धरून ठेवले. याच रात्रीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. नियंत्रण कक्षातील संभाषणांच्या नोंदी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली मिळविल्या आणि पतीच्या मृत्यूविषयीचे आपले प्रश्न त्यांच्या आधारे ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात मांडले. बिनतारीवरचे बोलणे नोंदले जाते आणि पुढे त्याचा जाब विचारता येतो. खासगी मोबाइलवरील बोलण्याला हा गुण नाही.

दुसरे उत्तर आपल्या अंचलातच मिळते. ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात श्योपूर, शिवपुरी, दतिया, ग्वाल्हेर, भिंड या पट्ट्यात महापूर आला. सिंध नदीवरील पूल वाहून गेले, श्योपुरात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले. मोबाइलचा मनोरा विजेवर आणि तारांच्या जाळ्यावर अवलंबून असतो, आणि तो सर्वांचा असल्यामुळे संकटकाळी सर्वच त्यावर तुटून पडतात. ज्या क्षणी त्याची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी तो सर्वाधिक दुर्बल. त्या पुरात वाहून गेलेल्या पुलांपैकी एक रतनगडचा होता. त्याच ठिकाणी १३ ऑक्टोबर २०१३ रोजी, नवरात्रातील नवमीला, पूल कोसळत असल्याची अफवा गर्दीत पसरली आणि चेंगराचेंगरीत शंभराहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. पूल त्या दिवशी कोसळला नव्हता. अफवेला संच लागत नाही, रिपीटर लागत नाही. तिच्याशी शर्यत करणाऱ्या खऱ्या बातमीला मात्र पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकणारा आणि बोलणारा माणूस लागतो.

असा हा उपयुक्त संच जुना होतो म्हणजे काय? लोखंड गंजते तसा तो नुसता झिजत नाही. त्याची बॅटरी प्रथम म्हातारी होते. आठ तासांच्या पाळीला पुरणारी ती तीन तासांत मान टाकते, आणि शिपाई मग संच बंद ठेवून ‘वाचवू’ लागतो. दुसरे, त्याचे सुटे भाग नाहीसे होतात. आपल्याकडील पोलीस दलांना संच पुरविणारी मोहालीची पंजाब वायरलेस सिस्टिम्स ही कंपनी नव्या शतकाच्या आरंभी गुंडाळली गेली; कारखाना गेला तरी संच उरतातच, पण दुरुस्ती करणाऱ्याला मग एका मृत संचाचे अवयव काढून दुसऱ्याला लावावे लागतात. तिसरे वार्धक्य कायद्याने येते. वारंवारतांचा पट्टा मर्यादित असतो आणि मागणी वाढत जाते, म्हणून अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून अशा संचांनी पूर्वीच्या निम्म्या रुंदीच्या वाहिनीत मावले पाहिजे असा नियम झाला. धडधाकट संचही त्या दिवशी निरुपयोगी ठरले.

आणि एक वार्धक्य निव्वळ फायलींचे असते. दिल्लीचे उदाहरण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडल्या गेलेल्या अहवालात आहे. दिल्ली पोलिसांची ट्रंकिंग यंत्रणा तेव्हा वीस वर्षांची झाली होती, म्हणजे तिचे अपेक्षित आयुष्य संपूनच दहा वर्षे लोटली होती. जून २००९ मध्ये ९,६३८ असलेली संचांची संख्या जून २०१९ मध्ये ६,१७२ वर आली होती. राजधानीचे शहर या दहा वर्षांत लहान झाले नव्हते. नूतनीकरणाचा प्रस्ताव नव्हता असेही नाही. तो होता, आणि प्रस्तावच राहिला. ज्या शहरात केंद्र शासन स्वतः राहते तेथे ही अवस्था, तर जिल्ह्याच्या शहरांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

यावरून कोणी म्हणेल, मग विलंब नको, नवे संच ताबडतोब आणा. येथेच सावध होणे आवश्यक आहे, आणि यासाठी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची कहाणी थोडी विस्ताराने सांगतो.

२६ फेब्रुवारी १९९३ रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या तळघरात स्फोट झाला, तेव्हा अग्निशामकांचे हातातील संच त्या उत्तुंग इमारतींत नीट चालत नाहीत हे उघड झाले. त्यानंतर तेथे रिपीटर बसविण्यात आला. संच मात्र तेच राहिले. मार्च २००१ मध्ये दलाला नवे अंकीय संच देण्यात आले. ते वाटल्यावर जेमतेम एका आठवड्यात क्वीन्स भागातील एका आगीत अडकलेल्या अग्निशामकाने मदतीसाठी हाक मारली आणि ती जवळच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नाही. हे संच तातडीने परत घेण्यात आले आणि जुने पुन्हा हाती देण्यात आले. त्यामुळे ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी जळत्या मनोऱ्यांत चढलेल्या माणसांजवळ ज्यांचे दोष आठ वर्षे ठाऊक होते असेच संच होते. त्या सकाळी खाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांनी रिपीटर तपासला, आणि तो चालत नाही अशी त्यांची समजूत झाली. आकाशातील पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्यांची अवस्था दिसत होती, इशारे दिले जात होते; परंतु पोलिसांची वाहिनी वेगळी आणि अग्निशमनाची वेगळी, म्हणून ते इशारे अग्निशमनाच्या प्रमुखांपर्यंत पोहोचले नाहीत. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोरा रिकामा करण्याचा आदेश सुटला. काहींनी तो ऐकला, काहींनी ऐकूनही इतरांना सोडून येण्यास नकार दिला, आणि काहींच्या कानी तो गेलाच नाही. १० वाजून २८ मिनिटांनी तो मनोराही कोसळला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

या कहाणीत जुन्या यंत्राचा दोष आहे, तसाच नव्याच्या घाईचाही आहे. पण माझ्या मते सर्वांत बोलका भाग मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांचा आहे. नवे फसले आणि सुधारून परत आले नाही. जुने परत आले, पण त्यावर आता कोणाचाच पूर्ण विश्वास नव्हता. दोन यंत्रणांच्या मधल्या या सांध्यात शहर सर्वाधिक उघडे पडते.

नवे संच सहसा अंकीय असतात, म्हणून त्यांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. जुन्या अनुरूप संचात अंतर वाढले की आवाज हळूहळू खरखरीत बुडतो. परंतु नियंत्रण कक्षात वीस वर्षे बसलेला ऑपरेटर त्या खरखरीतूनही ‘गोळीबार’ की ‘जमाव’ हे ओळखतो, कारण मानवी कान आणि भाषेचे ज्ञान मिळून अर्धवट शब्द पुरे करतात. आपण अस्पष्ट हस्तलिखित वाचतो ते याच शक्तीने. अंकीय संच आवाजाचे आकड्यांत रूपांतर करतो आणि पलीकडे त्या आकड्यांतून पुन्हा आवाज घडवितो. जोवर आकडे धडपणे पोहोचतात तोवर बोलणे स्वच्छ. एका मर्यादेनंतर मात्र खरखर नाही, अर्धा शब्द नाही, काहीच नाही. उतारावरून चालता चालता अचानक कडा लागावा तसे. ज्याने आयुष्यभर खरखरीवरून अंतर मापले, त्याला ही स्वच्छ शांतता फसविते. सारे काही ठीक आहे, असे त्याला वाटते. शिवाय आवाजाचे आकडे करणारी गणिती पद्धत मानवी वाणीसाठी घडविलेली असते. पंपाची घरघर, भोंगा, जमावाचा कल्लोळ शेजारी असेल तर ती गोंधळते. अंकीय संचाचे लाभ थोडे नाहीत : एकाच पट्ट्यात अधिक वाहिन्या, संच कोठे आहे याचा ठावठिकाणा, संकटाची वेगळी कळ, आणि गुप्तता. पण ते लाभ या स्वभावासकट घ्यावे लागतात.

गुप्ततेविषयी दोन शब्द. पानिपतच्या पराभवाची वार्ता नर्मदेकडे आलेल्या पेशव्यांना प्रथम एका सावकारी पत्रातून कळली, अशी नोंद ग्रँट डफच्या इतिहासात आहे. माणसांची हानी त्यात मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत लिहिलेली होती. ते पत्र वाटेत दुसऱ्या कोणी उघडले असते तर त्याला तो व्यापारातील तोटा वाटला असता. पेशव्यांना अर्थ कळला, कारण संकेत दोहोंकडे होता. आजच्या संचांतील गुप्तलेखनाची किल्लीही तशीच दोहोंकडे असावी लागते. पोलिसांनी आपली वाहिनी कुलूपबंद केली आणि महापालिकेच्या अग्निशमन दलाला किल्ली दिली नाही, तर चोरापासून जे लपले ते मित्रापासूनही लपले. आपल्या राज्यात पोलीस राज्य शासनाचे, अग्निशमन दल महापालिकेचे, आणि १०८ ची रुग्णवाहिका निराळ्याच व्यवस्थेची. नागरिकाची हाक नोव्हेंबर २०१५ पासून डायल १०० च्या द्वारे आणि ऑगस्ट २०२५ पासून डायल ११२ च्या द्वारे भोपाळच्या केंद्रात जाते व तेथून गाडीला आदेश सुटतो. ही सोय मोठीच आहे. पण दालबाजारात आग लागली असता बोळाच्या तोंडाशी उभा असलेला हवालदार आणि बंबावरील फायरमन यांनी परस्परांशी थेट बोलावे कसे, हा प्रश्न ती सोडवीत नाही.

इतर देशांनी हे सोडविले आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी आग लागून ३१ जण दगावले. चौकशीनंतर भूमिगत भागात बिनतारी चालली पाहिजे अशी शिफारस झाली. ७ जुलै २००५ रोजी त्याच भुयारांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा रेल्वे पोलीस वगळता इतर दलांचे संच तेथे मुकेच होते. पुढे ब्रिटनने सर्व आपत्कालीन दलांना मोबाइल जाळ्यावर नेण्याचे ठरविले आणि जुनी ‘एअरवेव्ह’ ही यंत्रणा २०१९ अखेर बंद करण्याचा संकल्प केला. तो संकल्प साधला नाही. मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. मला यात नामुष्की दिसत नाही. नवे सिद्ध झाले नाही म्हणून त्यांनी जुने तोडले नाही, आणि त्यासाठी दोन्हींचा खर्च सोसला. हा खर्च आपल्या अंदाजपत्रकांत कोठेच धरलेला नसतो. नवी यंत्रणा आली की जुनी भंगारात, हा आपला हिशेब.

संचापेक्षा संचावर बोलणाऱ्याचा विचार अधिक झाला पाहिजे, असे मला वाटते. इंदूरला पोलिसांची बिनतारी प्रशिक्षणशाळा आहे. परंतु तेथून निघालेला तज्ज्ञ नियंत्रण कक्षात बसतो, आणि रस्त्यावरच्या शिपायाच्या हाती संच पडतो तो बहुधा एका पानाच्या सूचनेसह, तीही इंग्रजीत. भर गर्दीत, पावसात, हातमोजे घातलेल्या बोटांनी योग्य कळ सापडली पाहिजे. वाक्य लहान हवे : कोण, कोठे, काय, किती, काय हवे. ठिकाणाचे नाव लोक ज्या नावाने ओळखतात तेच हवे. सरकारदरबारी एखाद्या चौकाचे नाव काहीही असो, ‘बाड्यावर’ म्हटले की ग्वाल्हेरचा प्रत्येक शिपाई योग्य दिशेने धावतो. नवीन संगणकाच्या यादीत तो शब्दच नसेल तर यादी दुरुस्त करावी, शिपायाची जीभ नव्हे.

जाता जाता एका शब्दाची गंमत. आग्रा-मुंबई तारमार्ग १८५४ च्या सुमारास आपल्याच शहरावरून गेला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार गेली आणि ‘बिनतारी’ मागे राहिली.

आपल्या श्रोतृवर्गात आणि या पुस्तिकेच्या वाचकांत महापालिकेत, पोलीस खात्यात, विद्युत मंडळात काम केलेले अनेक माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्यापुढे एक व्यवहार्य सूचना ठेवतो. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ पासून भरतो आहे आणि त्याच्याइतकी दाट, गोंगाटाची व अनेक दलांना एकत्र आणणारी परीक्षा दुसरी नाही. जेव्हा केव्हा आपल्या शहराला नवे संच मिळतील, तेव्हा एक संपूर्ण मेळा जुने आणि नवे दोन्ही संच सोबत चालवावेत. एक पोलीस, एक अग्निशामक आणि एक रुग्णवाहिकेचा कर्मचारी अशा तिघांनी नवे संच घेऊन किल्ल्याच्या चारही अंगांना, लष्करातील बोळांतून, मुरारपर्यंत आणि मोठ्या रुग्णालयांच्या तळघरांतून हिंडावे. जेथे हाकेला ओ मिळणार नाही तेथे नकाशावर लाल खूण करावी. तो नकाशा निविदेच्या फायलीत न ठेवता नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावावा, आणि त्यावरील शेवटची लाल खूण पुसली जाईपर्यंत जुन्या रिपीटरची वीज तोडू नये.